भाऊसाहेबांचा उन्हाळी दौरा कार्यक्रम

29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. मुंबईत त्याने काय फरक पडला ते मुंबईकरांना ठाऊक. पाटोद्यात 'वीकेंड' नावाची वस्तू आली आणि तिच्या मागोमाग वीकेंडचं नियोजन करणारा माणूस आला. त्याआधी पाटोद्याला रविवार होताच; पण सकाळी कटिंग करायची, मटण आणायचं आणि दुपारी पंख्याखाली पडायचं, एवढ्यासाठी कुणी कागद-पेन घेऊन बसत नव्हतं.

हा माणूस ओळखायला सोपा. वय पस्तिशीच्या आसपास. नोकरी एखाद्या सरकारी कचेरीत, म्हणून सगळं गाव त्याला भाऊसाहेब म्हणतं. घरी आई, बायको आणि पाचाला दोन महिने कमी असलेला सोन्या. मार्चएंडची फायलींची धावपळ संपली, की भाऊसाहेब पाठकोऱ्या कागदांवर रकाने आखायला बसतात. दिनांक, वार, स्थळ, अंतर, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा. हा कागद ते बायकोकडे 'अवलोकनार्थ' सादर करतात. ती भाकरी थापता थापता अवलोकन करते आणि विचारते, "ह्यात त्याच्या शी-सूला वेळ कुठं धरलाय?"

भाऊसाहेब नवा रकाना आखतात.

घाई का, तर त्यामागे हिशोब आहे. एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला हाफ. सोन्या जुलैत पाचाचा होतो. म्हणजे फुकट फिरवायचा हा शेवटचा उन्हाळा. शिवाय 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आई आणि बायको मिळून एक. पूर्ण तिकिटाचा धनी घरात एकटे भाऊसाहेब, आणि जागा न मिळाल्यामुळे मांजरसुंब्यापर्यंत उभं राहायचंही त्यांनाच.

आता मे महिन्यातले शनिवार-रविवार हे मुळात आपले नसतात, पाहुण्यांचे असतात. सकाळी एक लग्न, संध्याकाळी दुसरं, दोन्हीकडे आहेर आणि दोन्हीकडे बुंदी. पण 2026 साली पंचांगच भाऊसाहेबांच्या बाजूने उभं राहिलं. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, लग्नं बंद. चार शनिवार आणि पाच रविवार मोकळे! भाऊसाहेबांनी हिरव्या पेनाने ते रंगवले. हिरवी शाई वापरायचा अधिकार त्यांना कचेरीत नाही, घरी आहे. पण एक बाब त्यांच्या नजरेतून सुटली. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, आणि भाऊसाहेब कुणाचे तरी जावई आहेत. पहिला फोन सासूबाईंचा आला. मग चुलत सासऱ्यांचा, मग मेहुण्यांचा. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, वर तेहेतीस अनारसे. असं जेवल्यावर जावई सहलीला जात नाही, कुशीवर जातो. मोकळ्या रविवारांपैकी बऱ्याच रविवारांपुढे 'स्थळ' या रकान्यात 'सासुरवाडी' पडलं.

उरलेल्यांत काय बसवायचं? इथे पाटोद्याची खरी अडचण सुरू होते. आमचा तालुका बालाघाटाच्या माथ्यावर. दाखवण्यासारखं आहे ते सगळं पाण्याचं, आणि मे महिन्यात नसतं तेही पाणीच. पण दौरा कार्यक्रम मंजूर झालेला असतो.

पहिला मान सौताड्याचा. जामखेडच्या वाटेवर विंचरणा नदी दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते. भाऊसाहेब मे महिन्यात जातात, कारण 'गर्दी टाळावी' ही त्यांच्या नियोजनातली पहिली सूचना. गर्दी टळते, धबधबाही टळतो. कड्याकडे बोट दाखवून ते सांगतात, "सोन्या, ते बघ, तिथून पाणी पडतं." सोन्या बघतो. काळा कोरडा दगड. "कधी पडतं?" "पावसाळ्यात." "मग आपण आता कामून आलो?" या प्रश्नाचं उत्तर भाऊसाहेबांच्या कुठल्याच रकान्यात नसतं. उतरताना सोन्या उड्या मारत उतरतो. चढताना तो खांद्यावर असतो आणि वरून पायऱ्या मोजतो. एकवीसनंतर त्याला येत नाही, म्हणून पुन्हा एकपासून.

दुसरा कार्यक्रम नायगावचा. 1994 साली जाहीर झालेलं मोरांचं अभयारण्य, जवळजवळ 30 चौरस किलोमीटर, तेही आपल्याच तालुक्यात. लोक लांबून येतात आणि आपण जात नाही, हे भाऊसाहेबांचं म्हणणं अगदी रास्त आहे. उन्हाळ्यात झाडी विरळ, मोर पाणवठ्याला येतात, म्हणजे पहाटे गेलं तर दिसायची शक्यता बरी. भाऊसाहेब चारचा गजर लावतात. चारला भाऊसाहेब उठतात, आई त्यांच्याही आधीची उठलेली असते, बायको पाचला. सोन्या साडेसातला. त्याला उठवायचं नाही, उठवलेला सोन्या दिवसभर रडतो, हे मागच्या दौऱ्याच्या शेऱ्यात नोंदलेलं आहे. ऊन तापल्यावर मंडळी पोहोचतात तेव्हा मोर कुठल्यातरी करवंदीच्या जाळीत सावलीला. सोन्याला एका वस्तीवर पिल्लांची कोंबडी दिसते आणि तिथून तो हलत नाही. शेरा: 'पक्षी पाहिला.'

मांजरेचा उगमही याच तालुक्यातला, गवळवाडीजवळचा. सव्वासातशे किलोमीटर वाहून ती गोदावरीला मिळते, वाटेत लातूरला पाणी पाजते. भाऊसाहेब हे सगळं सोन्याला तोंडपाठ सांगतात. सोन्या उगमाच्या कोरड्या खडकावर गाडीगाडी खेळतो.

भाऊसाहेबांची आई या सगळ्यावर एकच वाक्य बोलते, "लेकराला उन्हाचं कामून हिंडवतो रं?" बोलते आणि पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि उन्हावर उतारा म्हणून कांदा भरते. तिने आयुष्यात पुष्कळ हिंडून घेतलेलं आहे. या तालुक्यातली हजारो माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. लेकरं टोळीबरोबरच. त्यांनी चार वर्षांच्या आत पाहिलेले जिल्हे मोजले तर सोन्या गणतीत येणार नाही. पण त्याला सहल म्हणायची पद्धत नाही. भाऊसाहेब स्वतः कोपीत वाढलेले. परीक्षेपुरते गावी आणि बाकी हंगाम फडावर. म्हणून निघायची तारीख आपण ठरवायची आणि परत यायचीही आपणच ठरवायची, याचं त्यांना एवढं अप्रूप. मला त्यांच्या रकान्यांचं हसू येतं, पण ते थट्टेवर नेताना मी इथे जरा थांबतो.

सगळ्यात यशस्वी ठरली बीडची सहल. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. 1995 साली हा मार्ग मंजूर झाला तेव्हा भाऊसाहेब सोन्याच्याच वयाचे होते. 'पुढच्या वर्षी गाडी दाखवीन' असं त्यांच्या वडिलांनी तेव्हा म्हटलं होतं म्हणे. कार्यक्रम भरगच्च: मांजरसुंब्याला रबडी, मग कंकालेश्वर, खजाना विहीर आणि शेवटी स्टेशन. रबडी सोन्याने शर्टावर घेतली. कंकालेश्वराचं देऊळ कुंडाच्या मधोमध आहे, हे त्याला पटलं नाही; देव बाहेर कसा येतो, एवढंच तो विचारत राहिला. स्टेशनवर मात्र तो गप्प झाला. गाडी आली, आजीने हात जोडले, आणि भाऊसाहेब सोन्याच्या आधी पुढे धावले. फोटोत सोन्या कुठेच नाही. गाडी आणि भाऊसाहेब आहेत.

परतताना रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबले. आमच्या भागात दर दुसऱ्या रसवंतीचं नाव नवनाथ नाहीतर कानिफनाथ. चरकाला घुंगरं बांधलेली, चाक फिरलं की छुमछुम. सोन्या अर्धा तास त्या चाकासमोर उभा होता. ऊस जातो, चिपाड निघतं, पुन्हा ऊस जातो. घरी पोहोचल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय पाहिलं रे बीडला?" सोन्या म्हणाला, "रस." रसवंती तशी पाटोद्याच्या स्टँडवरही आहे, हे बायकोने भाऊसाहेबांच्या लक्षात आणून दिलं.

तर तुम्हाला पाटोद्याकडे लेकराबाळांसह यायचं असेल, तर ऑगस्टात या. सौताड्याला पाणी असतं, डोंगर हिरवे असतात. उन्हाळ्यातच यायचं म्हणत असाल तर सकाळी दहाच्या आत परत फिरा, टोपी आणि पाणी विसरू नका, मुलाची झोप मोडू नका. आणि येणार असल्याचं भाऊसाहेबांना आगाऊ कळवू नका. रकाने आखून तयार असतात.