टाकीवाले

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचं उपनगर आहे. तिथे मराठी माणसं तीन प्रकारची: घर बघणारी, घर बदलणारी आणि डिझेल पिकअपमध्ये जादा टाकी बसवणारी. पहिल्या दोघांशी बोलताना निदान विषय बदलता येतो.

टाकीवाले ओळखायला सोपे. "गाडी छान आहे हो तुमची," एवढं म्हणायचा अवकाश, ते "मागे या" म्हणतात. एरवी नवी गाडी दाखवणारा माणूस आपल्याला पुढे नेतो, बॉनेट उघडतो. हे मागचा फाळका पाडतात. हौद्यात, केबिनच्या पाठीला टेकून, ॲल्युमिनियमची चकचकीत पेटी. "पन्नास गॅलन!" असं म्हणून ते आपल्या तोंडाकडे बघतात. आपण मनातल्या मनात गॅलनचे लिटर करू लागलो की थांबवतात. "एकशे एकोणनव्वद. मी केलंय."

आमच्या टाकीवाल्यांची गाडी फोर्डची एफ-२५०. तिची मूळ टाकी चौतीस गॅलनची. टाकीवाल्यांचं ऑफिस घरापासून अर्ध्या तासावर आणि वाटेत पाच पंप. त्यातून हे टेक्सस. इथे 'बकीज'सारखी दुकानं आहेत, लुलिंगच्या एका दुकानात तर १२० पंप. अशा राज्यात माणसाचं डिझेल संपायचं तर त्याला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील.

पण टाकीवाल्यांचं लक्ष अलास्कावर. तिथल्या डाल्टन हायवेवर कोल्डफूट सोडलं की डेडहॉर्सपर्यंत २४० मैल पंप नाही, ही माहिती ते हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही देतात. मग वहिनी स्वयंपाकघरातून हिशेब पाठवतात: "अहो, गाडी गॅलनला पंधरा मैल देते ना? मग चौतिसांत पाचशे दहा झाले. जाऊन परतसुद्धा याल." टाकीवाले क्षणभर गप्प. मग म्हणतात, "आणि लागलं तर?"

दुसरं कारण पैशाचं. कॅलिफोर्नियात डिझेल महाग, म्हणून टेक्ससचं स्वस्त डिझेल भरून न्यायचं. दोन्ही टाक्या मिळून चौऱ्याऐंशी गॅलन, म्हणजे बाराशे साठ मैल. कॅलिफोर्नियाची हद्द घरापासून सुमारे तेराशे मैलांवर. सीमेवर पोचते ती रिकामी टाकी. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते शंभर गॅलनची आणतील.

या "लागलं तर?"चा उगम लातूरचा. टाकीवाल्यांचं लहानपण तिथलं. नळाला पाणी येईल तेव्हा पिंप, हंडे, बादल्या, प्रसंगी चहाचं पातेलं, सगळं भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी आलं की शिळं ओतून पुन्हा भरायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर. ती बातमी टाकीवाल्यांनी केटीत बसून पाहिली. ज्याच्या गावाला प्यायचं पाणी आगगाडीनं आलं, त्याला पुढच्या वळणावर पंप असेल असं तुम्ही कुठल्या तोंडानं सांगणार?

टाकी बसवायचा समारंभ शनिवारी झाला. "काही करायचं नाही, नुसतं धरायला या," असं निमंत्रण होतं. वहिनींनी पोहे केले होते. धरायला आठ माणसं जमली. त्यांतली सात संगणकवाली, म्हणजे सल्ला देणारी. आठवा तेल कंपनीत होता. तो रोज हजारो पिंपांचे हिशेब करायचा, पण त्याला स्पॅनर कुठल्या बाजूला फिरवायचा हे ठरवता येईना.

काम तसं सोपं. डिझेल भरायची रबरी नळी मध्ये कापायची, तिथे 'टी' बसवायचा आणि वरच्या टाकीतून आलेली नळी त्याला जोडायची. मध्ये एक व्हॉल्व्ह. डिझेल आपल्या वजनानं खाली उतरतं. खालची टाकी भरून पातळी नळीत चढली, की आतली हवा बाहेर पडायला वाट उरत नाही आणि वरचं डिझेल जागच्या जागी थांबतं. पंप नाही, बटण नाही. हे टाकीवाल्यांनी पोह्यांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा समजावलं. खरी धाकधूक हौद्याला भोकं पाडताना. खालीच मूळ टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी. दर भोकाआधी टाकीवाले पाठीवर सरपटत गाडीखाली जायचे, बॅटरी मारायचे, बाहेर येऊन "पाड" म्हणायचे आणि पाडणाऱ्यानं ड्रिल टेकवलं की "थांब" म्हणून पुन्हा खाली जायचे.

टाकी बसल्यापासून गाडीचा काटा हलेनासा झाला. वरची संपेपर्यंत खालची भरलेलीच. शेकडो मैल काटा 'फुल'वर! टाकीवाले रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघतात. गाडी मात्र दर दोन तासांनी थांबतेच, कारण धाकट्या लेकीची टाकी जुनीच आहे.

तोटे त्यांना दिसत नाहीत. पन्नास गॅलन डिझेलचं ओझं एकशे साठ किलो, म्हणजे दोन मोठे पाहुणे कायमचे हौद्यात. महाराष्ट्र मंडळाचं गणपतीचं मखर दरवर्षी याच हौद्यातून यायचं. आता ते मावत नाही. कार्यकारिणीनं हळूच विचारलं, "टाकी तेवढ्यापुरती काढता येईल का?" त्यावर टाकीवाल्यांनी मखराची घडी कशी करता येईल याचा आराखडा काढून दिला.

आणि मग ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन भागात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. वीज नाही म्हणजे पंपही बंद. जो चालू, तिथे मैलभर रांग. टाकीवाल्यांच्या दोन्ही टाक्या काठोकाठ. ज्या क्षणाची त्यांनी लातूरपासून वाट पाहिली, तो आला. गल्लीतली माणसं कॅन घेऊन दारात उभी राहिली.

सगळ्यांचे जनरेटर पेट्रोलवर चालणारे होते. सगळ्यांच्या गाड्याही.

आख्ख्या गल्लीत चौऱ्याऐंशी गॅलन इंधन आणि ते पिणारं यंत्र एकच! पण टाकीवाले हरणारे नव्हेत. त्यांनी पिकअप गॅरेजबाहेर काढली, इंजिन चालू केलं, एसी लावला आणि फोन चार्ज करायला सगळ्यांना आत बोलावलं. पुढच्या सीटवर शेजारच्या आजी, मागे तीन कुटुंबांतली मुलं, खिडकीतून लोंबणाऱ्या वायरी. अलास्कासाठी बसवलेल्या टाकीतलं डिझेल दारातल्या दारात, एक मैल न जाता जळत होतं. "बघा, काटा हललाय का?" टाकीवाले दर नव्या माणसाला विचारत आणि तो 'नाही' म्हणाला की 'टी'पासून सुरुवात करत. फोन अर्धा भरला की व्हॉल्व्ह येई. पूर्ण भरेपर्यंत उठायची सोय नव्हती.

वीज आली तोवर गल्लीतला प्रत्येक माणूस ती टाकी डोळे मिटून बसवू शकला असता. शेजारच्या आजींनी तर मुलाला विचारलं म्हणे, "आपल्याला शंभरची बसेल का रे?"