नानांचं धातुसाधित

बँकेतून निवृत्त झालेली माणसं साधारण तीन वाटांनी जातात: सोसायटीचं सेक्रेटरीपद, नर्मदा परिक्रमा किंवा होमिओपॅथी. आमच्या नानांनी चौथी काढली. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत त्यांना केनेडीचं लॅटिन प्रायमर सापडलं आणि तेव्हापासून आमच्या जिन्यावर रोमचं राज्य आहे.

शाळेत संस्कृतात पैकीच्या पैकी मार्क पडले की काही माणसांना जन्मभर व्याकरणाची भूक लागते. नाना त्या जातीचे. सुरुवात तर झोकात झाली. "संस्कृतात विभक्ती आठ, इथे सहाच! गण तिकडे दहा, इकडे चारच! अरे, ही तर सवलत आहे." सीझरचा खरा रोमन उच्चार 'कायसर' होता हे कळल्यावर ते तसंच म्हणू लागले. खाली बाकावर बसून घोकायचे, "कायसर... कायसर..." वॉचमन दर वेळी लगबगीने उठून यायचा. "काय, सर?"

मग आली कृदन्तं, म्हणजे आपली शाळेतली धातुसाधितं, आणि नाना अडकले. लॅटिनमध्ये 'मारणारा' आहे, 'मारला गेलेला' आहे, 'मारणार असलेला' आहे, 'मारावयाचा'सुद्धा आहे. फक्त ज्याने मारून झालंय, त्याच्यासाठी बहुतेक धातूंना रूपच नाही. त्यामुळे सीझरने शहर जिंकलं, तरी वाक्यात शहरच 'जिंकलं गेलेलं' होऊन पंचमीत बाजूला उभं राहतं: 'उर्बे काप्ता कायसर रेदिइत'. नानांनी मांडीवर थाप मारली. "ही तर आपली सति सप्तमी! फक्त सप्तमीच्या जागी पंचमी." आणि वहीत भाषांतर उतरवलं: 'शहर जिंकले गेलेले असता कायसर परत गेला.'

इथवर ठीक होतं. पण असलं मराठी वहीत राहत नाही, जिभेवर चढतं. एकदा सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर नाना स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत होते, "अगं, दूध तापवले गेलेले असता चहा टाकला जाणार आहे का?"

"अहो, असंच बोलत राहिलात तर नाही," काकू म्हणाल्या.

भविष्यकाळी कृदन्तावर तर त्यांचा फार जीव. इसवी सन 52 मध्ये रोमच्या क्लॉडियस बादशहाने फुकिनस सरोवरावर लुटुपुटीच्या आरमारी लढाईचा तमाशा मांडला. लढायला उभे केलेले कैदी स्वतःला 'मोरितुरी', म्हणजे 'मरणार असलेले', म्हणवून त्याला मुजरा करू लागले. बादशहा म्हणाला, "किंवा नसलेले." झालं! कैद्यांना वाटलं, माफी मिळाली. ते लढेनातच, शेवटी बादशहाने स्वतः उठून विनवण्या केल्या आणि धमक्या दिल्या तेव्हा हलले. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलेला हा किस्सा नाना पार्किंगच्या भांडणातही सांगतात.

'करावयाचे' हे रूप सापडलं त्या दिवशी मात्र त्यांनी पेढे वाटले. डिव्हिडंड म्हणजे 'वाटावयाचे', अजेंडा म्हणजे 'करावयाच्या गोष्टी'. केलेल्या नव्हेत, करावयाच्या. आमच्या सोसायटीपुरतं हे अक्षरशः खरं आहे. "आणि मी जन्मभर स्लिपांवर 'भरावयाची रक्कम' वाचत आलो! लॅटिन माझ्या काउंटरवरच होतं की हो!"

अडलं होतं ते फक्त सीझरचं शहर. ते काकूंनी सोडवलं, तेही पोळपाटावरून मान वर न करता. नानांनी वाक्य वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं कशाला? शहर घेऊन परत गेला, म्हणा. नाहीतर जिंकून म्हणा; 'घेऊन' म्हटलं तर पिशवीत घालून नेल्यासारखं वाटतं." नाना गप्प. लॅटिनला जे रूप नाही, ते काकू दिवसातून शंभर वेळा वापरतात: कणीक मळून, कुकर लावून, भाजी फोडणीला टाकून. संध्याकाळी नानांनी मला हाच नियम समजावला, स्वतःचा शोध म्हणून.

विद्या वाढली की मराठी बिघडते, असले हे नाना प्रत्येक भाषेच्या क्लासात एक तरी सापडतात. माणसं गोड असतात, फक्त भाषांतर करताना त्यांना आपली भाषा आठवत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी लॅटिनच्या वाटेला गेलंच, तर कृदन्त दिसल्याबरोबर आधी 'ऊन' लावून बघा. कर्ता बदलत असेल तर 'ल्यावर'. पुढचं वाक्य कारण मागत असेल तर 'ल्यामुळे', विरोध दाखवत असेल तर 'ऊनही'. 'असता' सगळ्यात शेवटी, आणि तेही त्याला मार्क असतील तरच.