कणकेच्या यंत्रावरच्या जाळीबाईंस अनावृत पत्र

ती. जाळीबाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्र अनावृत आहे. यंत्रही अनावृतच आहे, तेव्हा संकोच कशाला?

कणीक मळायच्या यंत्राबरोबर आपण खोक्यातून उतरलात, त्या दिवशी आपल्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. तिसऱ्या दिवशी आचारी कुरकुरला, "जाळी उचलली की मशीन थांबते. पीठ टाकू कधी, चपात्या लाटू कधी?" मिस्त्री आला. आपल्या बिजागरीपाशी असलेला इवलासा स्विच त्यानं 'डायरेक्ट' करून दिला, चार बोल्ट काढले आणि आपली बदली गच्चीवर झाली. सध्या आपल्यावर मिरच्या वाळतात म्हणे. मिरच्या सुरक्षित आहेत, हे वाचून बरं वाटेल.

खालची खुशाली अशी. नांदेड सोडलं की लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरपर्यंत ढाबे संपत नाहीत. लातुरात शिकवणीला आलेल्या पोरांच्या मेस वेगळ्याच. एवढी कणीक हातानं मळणं माणसाचं काम नाही. यंत्रानं आचाऱ्यांचे खांदे वाचवले, हे मान्य. फक्त अधूनमधून ते बोट मागतं. भांड्याच्या कडेला चिकटलेलं पीठ कामावरचा पोरगा चालू यंत्रात ओल्या हातानं खाली ढकलतो. आतला दांडा कणीक आणि मनगट यांत भेदभाव करत नाही. इतकी समता दुसरीकडे कुठे सापडायची?

त्यात लाइट जाते. पोरगा म्हणतो, तेवढ्यात भांडं पुसून घेऊ. बटण चालूच राहतं. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर लाइट गेली की पडतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय उठत नाही. (तिथंही आम्ही 'ऑटो' बसवून सोय करून घेतली, तो विषय निराळा.) इथं साधं बटण. लाइट येते, यंत्र निमूटपणे कामाला लागतं. हात आतच असतो.

कायद्याकडे दाद मागावी म्हणाल, तर १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम २१ खास आपलंच होतं: यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा हवा. पण त्याच कायद्यातली कारखान्याची व्याख्या सांगायची की हॉटेल, उपाहारगृह म्हणजे कारखाना नव्हे. २०२० ची कामगार सुरक्षेची नवी संहिता आली, तरी ही सूट तशीच. म्हणजे हेच यंत्र बिस्किटांच्या कारखान्यात धोकादायक, ढाब्यात मात्र नुसतं भांडं!

खरी गंमत पुढे आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला हॉटेलातला, विजेवर-गॅसवर रांधणारा माणूस बरोबर दिसायचा. बोट शाबूत असेतो तो कारखान्यातला कामगार नव्हता. बोट गेलं की भरपाईस पात्र. त्या कायद्याला जोडलेलं कोष्टक म्हणजे मेन्यूकार्डच होतं. अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. अंगठा सोडून चार बोटं सुटी घेतली तर बेरीज ४०. एका हाताची चारही एकदम गेली तर ५०. थाळीच परवडते.

वीस वर्षांच्या, बारा हजार पगाराच्या पोराची तर्जनी या हिशेबानं २ लाख २५ हजार ७९२ रुपयांना बसते. हाती बहुतेकदा पडतो ड्रेसिंगचा खर्च आणि गावाकडच्या एसटीचं तिकीट. हजेरीपटावर नावच नसतं, मग बोट कुणाचं होतं हे सिद्ध कोण करणार?

तेव्हा बाई, मिरच्या चादरीवरही वाळतील. आपण खाली या. येताना तो स्विचही जागेवर बसवून घ्या.

आपला,
एक नेहमीचं गिऱ्हाईक

ता. क. बोल्टांची चारही भोकं यंत्रावर अजून रिकामी आहेत. तेरा नंबरचा पाना गल्ल्याखालच्या खणात आहे.