परीनगरचे कार्यकारी अभियंता

वकील कधी निवृत्त होत नाही. मास्तर निवृत्त झाले तरी भेटेल त्याचं शुद्धलेखन तपासत राहतात. बँकेतले गृहस्थ सोसायटीचे हिशेब ताब्यात घेतात. पण इरिगेशनमधून सुटलेल्या इंजिनिअरने काय करावं? त्याला कालवा लागतो, उतार लागतो, हाताखाली चार माणसं लागतात. रायपुरात अशा काकांना अलीकडे परी सापडली आहे.

परी म्हणजे परीची बाग. पसरट कुंडीत वीतभर झाडं, बोटभर उंचीचं घर, खड्यांची पायवाट आणि दारात पंखवाली बाई. पुण्याच्या नातीने मोबाइलवर व्हिडिओ पाठवलेला असतो, 'आजोबा, मला असं करा ना!' नातीला खेळणं हवं असतं. काकांना प्रकल्प मिळतो.

भोसल्यांच्या अमलापासून इथे रुजलेल्या मराठी घरांत हा नमुना हमखास आढळतो. तात्यापाऱ्यात एखादा, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला तर एका रांगेत दोघे-तिघे. मराठी शाबूत, फक्त तांत्रिक मुद्दा आला की वाक्य 'मतलब कसं आहे' असं सुरू होतं. परीबागेत सगळेच मुद्दे तांत्रिक असतात.

तुम्ही-आम्ही कुंडीत माती भरतो. काका आधी भूस्तर ठरवतात. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला माती चार जातींची ठाऊक असते. उंचवट्यावरची मुरमाड भाटा, मग पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागातली काळी कन्हार. काकांनी चारही आणवल्या. कुंडीचा व्यास दोन फूट. त्यात पठारापासून खोऱ्यापर्यंत अख्खा प्रदेश उतरला. नर्सरीतला पोरगा म्हणाला, "अंकल, जेडला काळी माती नको, पाणी धरते, मूळ सडेल. रेती टाका." पोरगा चाळीस वर्षांनी लहान. त्याचं म्हणणं 'नोंद घेतली' असा शेरा मारून बाजूला ठेवण्यात आलं. जेड पंधरवड्यात सडलं. त्यावर काकांनी चौकशी समिती नेमली. समितीत एकच सदस्य होता आणि तो कुंडीकडे पाठ करून चहा पीत होता. दोष कंत्राटदाराचा, म्हणजे पाणी घालणाऱ्या काकूंचा, निघाला.

तळ्याचं काम मात्र बघण्यासारखं. महानदीवरच्या गंगरेल धरणाला 14 दरवाजे आहेत, परीच्या धरणाला एक. तो आइस्क्रीमच्या काडीचा असून वर-खाली होतो. खाली कालवा, कालव्याला शाखा, शाखेच्या टोकाला तळहाताएवढं भातखाचर. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या छत्तीसगडातली परी धानाशिवाय कशी राहील? रोपं चार बोटं वर आली आणि चिमण्यांनी एका सकाळी साफ केली. काकू म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतर तुम्ही खरेदी केंद्रही काढलं असतं." काकांच्या वहीत त्याचा नकाशा आधीच होता.

वसाहतीचं प्रमाण एकास बारा. हे काकांनी बजावून सांगितलं आणि मग स्वतःच मोडलं, कारण पोळा आला. छत्तीसगडात त्याला पोरा म्हणतात. गोलबाजारात मातीची खेळणी मांडलेली असतात, मुलांसाठी चाकांवरचा नंदिया बैल, मुलींसाठी जातं, चूल, इवलीशी भांडी. ऑनलाइन मागवलेल्या चिमुकल्या स्वयंपाकघराच्या किमतीत इथे दोन संसार उभे राहतात. काकांनी टोपलीभर आणलं. आता परीचं जातं तिच्या शेजघरापेक्षा मोठं आहे, आणि अंगणात उभा असलेला बैल बसला तर घर जाईल. कामाला येणाऱ्या बाईंना मात्र हे फार आवडलं. त्या गच्चीवर आल्या की झाडू खाली ठेवून "कतका सुघ्घर!" म्हणतात. आजवर मिळालेलं विनाअट प्रमाणपत्र हे एकच.

पाहुण्यांसाठी दौरा असतो. चहाआधी. फर्शी पत्थराच्या चिपांचा मुख्य रस्ता इतका रुंद की दोन पऱ्या हात पसरून शेजारीशेजारी चालल्या तरी पंख लागू नयेत. सेक्टर आखलेले, दिवे लावलेले, माणूस एक नाही. "अगदी नवा रायपूर!" असं एक पाहुणे म्हणून गेले. त्यांना वाटलं आपण टोमणा मारला. काकांनी ती दाद समजून त्यांना आणखी एक चकली दिली.

कुणी 'पऱ्या असतात का हो?' असं विचारलंच, तर काका 1917 सालात जातात. इंग्लंडातल्या कॉटिंग्ले गावी दोन मावसबहिणींनी पऱ्यांबरोबर फोटो काढले आणि शेरलॉक होम्सचा जन्मदाता कॉनन डॉयल त्यावर विश्वास ठेवून बसला. 1922 मध्ये त्याने पुस्तकही काढलं. शेवटी 1983 मध्ये म्हातारपणी त्या बायकांनी कबूल केलं की पऱ्या कागदाच्या होत्या, हॅटच्या पिनांवर उभ्या केलेल्या. इथे सगळे हसतात. काका हसत नाहीत. "कागद, पिन आणि ओढ्याकाठची ओली जमीन," ते म्हणतात, "तरी एक परी कलली नाही. फाउंडेशन बघा!"

मे महिन्यात मात्र फाउंडेशनचं काही चालत नाही. पारा 45 कडे सरकतो, कन्हार भेगाळते आणि परीच्या उंबऱ्यात पेन्सिल जाईल एवढी फट पडते. काका हिरवी जाळी बांधतात, कूलरचं ठिबकतं पाणी नळीने कालव्यात सोडतात. त्या उन्हात तगून राहिला तो चिनी गुलाब, जो काकूंनी न विचारता कोपऱ्यात खोचला होता. वहीत त्याची नोंद 'प्रायोगिक लागवड' अशी आहे, आणि प्रयोग कुणाचा हा रकाना रिकामा आहे.

पावसाळ्यात कठड्यावर फुकटचं शेवाळ येतं. ते खरवडून काका परीचं हिरवळीचं मैदान करतात. याच दिवसांत डासांच्या अळ्या शोधणारी पोरं घरोघर फिरतात. त्यांनी धरण पाहून "पानी फेंकिए" म्हटलं, तेव्हा काकांनी त्यांना विसर्गाचं वेळापत्रक दाखवलं. मग गप्पी मासे सोडले. माशांमागोमाग, तीन मजले चढून कसा कोण जाणे, एक बेडूक आला. परीला कालव्यात ढकलून तो अंगणात बसला तो बसलाच.

"हे अतिक्रमण आहे," काका म्हणाले. त्यांनी काडीने ढोसलं. बेडकाने एक डोळा मिटला.

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, परी कुठंय?"

"रजेवर आहे," काका म्हणाले.

"मग तो कोण?"

काकू मागून म्हणाल्या, "इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीत, कळत नाही? निवडणुका येतीलच. देऊन टाका त्याला जागेचा पट्टा."

काका क्षणभर विचारात पडले, आणि टेप आणायला खाली गेले.