झेंडू करडा, कला खरी

रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात गिऱ्हाइकांइतकेच कॅमेरे दिसतात, आणि ते सगळे झेंडूचा केशरी रंग पुसायला आलेले असतात. रंगाची पट्टी शून्यावर ओढली की साधा हातगाडीवाला 'महानगरातलं एकाकीपण' होतो. म्हातारा सुरकुतलेला हवा. ओठात बिडी असली तर सोन्याहून पिवळं, म्हणजे करडं. घोटून दाढी केलेला बँकेतला कारकून या शहरात राहतच नाही बहुतेक!

छायाचित्रकार रघुवीर सिंह भारत रंगातच पाहायला हवा म्हणत, आणि १९९४ साली मुंबईवरचं त्यांचं अख्खं पुस्तक रंगीत निघालं. पण ते दाखले गैरसोयीचे. त्यापेक्षा रघू राय सांगणं बरं. त्यांनी १९९५ मध्ये चर्चगेटची गर्दी कृष्णधवल टिपली, शटर संथ ठेवून: माणसं धुरासारखी वाहताहेत, मधोमध एक जण निवांत पेपर वाचतोय. तिथे रंग आठवतही नाही. फक्त त्यासाठी गर्दीत तासन्‌तास उभं राहावं लागतं; पट्टी ओढणं सोपं.

आणि फोटोआधी परवानगी विचारली तर म्हणे सहजता जाते. ससून डॉकवरच्या कोळणीला हे कोणी सांगितलेलं नाही. लेन्स वळली की ती ओरडते, "आधी पापलेट घे, मग काढ फोटू!"