फिल्टर घरजावई करून घेण्याची सोपी रीत

साहित्य: एक संगणक, सी भाषेची जुजबी ओळख, एक मोकळी रात्र. रात्र मोकळी नसली तरी चालेल. जायची ती जाणारच आहे.

बहुतेक प्रोग्रॅममध्ये प्लगइन पाहुण्यासारखं राहतं. व्हीएलसीत प्लगइन्ससाठी वेगळं फोल्डरच असतं. एफएफएमपेगमध्ये तसली सोय नाही. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प आज कितीतरी व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेला आहे, आणि तिथे नव्या फिल्टरला घरजावईच व्हावं लागतं. मूळ कोडमध्ये शिरायचं, सगळ्यांबरोबर कंपाइल व्हायचं आणि घरातले नियम निमूट पाळायचे.

आपण लग्नाच्या व्हिडिओला पिवळी झाक देणारा 'हळदी' फिल्टर करू.

पायरी पहिली: उचलेगिरी. लाजू नका, घरच्यांचीच परवानगी आहे. कडा शोधणाऱ्या 'एजडिटेक्ट' या फिल्टरची फाइल कॉपी करा आणि आत जिथे जिथे ते नाव दिसेल तिथे आपलं घाला, असं एफएफएमपेगची अधिकृत मार्गदर्शिकाच सांगते.

पायरी दुसरी: नाव लावणे. एक ओळ मेकफाइलमध्ये, एक 'ऑलफिल्टर्स.सी'मध्ये. ही दुसरी ओळ 'एक्स्टर्न'ने सुरू होते आणि तिच्या डावीकडे एकही मोकळी जागा चालत नाही. सी भाषेला मोकळ्या जागेचं सोयरसुतक नसतं हे खरं. पण 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट ही फाइल सी म्हणून वाचतच नाही. ओळीच्या पहिल्या अक्षरापासून ठरावीक साचा जुळतो का, एवढंच पाहते. तुमची ओळ एक घर सरकली की तुम्ही जन्मालाच आला नाहीत. बरं, कुणी तक्रारही करत नाही. कंपाइल निर्विघ्न पार पडतं, तुम्ही हौसेने फिल्टर चालवायला जाता आणि उत्तर येतं, 'हळदी' नावाचा फिल्टर नाही.

पायरी तिसरी: 'कॉन्फिगर' पुन्हा चालवा. ते बराच वेळ तोंड उघडत नाही, तोवर चहा टाका. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर जोडायचा असेल तर 'एनेबल-जीपीएल' म्हणावं लागतं. त्यातच फ्राउनहोफरचा एएसी एन्कोडर हवा झाला तर 'एनेबल-नॉनफ्री' म्हणा. मात्र मग तयार झालेला प्रोग्रॅम आपल्यापुरता ठेवायचा, दुसऱ्याला वाटायचा नाही. मग 'मेक'. पंखा घरघरू लागला की काम सुरू आहे असं समजा.

पायरी चौथी: चालवून पाहा. काळ्याकुट्ट पडद्यावर नवरा-नवरी पांढऱ्या तारांची दिसतील. घाबरू नका, नाव बदललं तरी गुण एजडिटेक्टचेच आहेत. आता रंगाकडे वळा. मूळ फिल्टर तारा काढताना फक्त करडं चित्र घेतो, तेव्हा आधी पिक्सेल फॉरमॅटची यादी बदला; नाहीतर रात्रभर हळद लावत बसाल आणि लावायला रंगच नसेल. मग 'यू' या रंगपटलातल्या प्रत्येक आकड्यातून तीस वजा करा. १२८ म्हणजे तटस्थ, त्याखाली पिवळ्याकडे.

इथे खरी गंमत. हा आकडा एका बाइटमध्ये राहतो, शून्याखाली जाऊ शकत नाही. सोळातून तीस गेले की उणे चौदा उरत नाहीत, २४२ होतात, आणि २४२ म्हणजे निळा. 'यू' मुळातच कमी असतो तो पिवळ्याजर्द वस्तूंचा. म्हणजे सगळा मांडव पिवळा होतो आणि नवरीचा पिवळा शालू तेवढा निळा! आकडा शून्याशी रोखणारं तयार फंक्शन घरातच आहे, ते वापरा. आणखी एक: ४२० या पिक्सेल फॉरमॅटच्या चित्रात रंगपटल लांबी-रुंदीने निम्मं असतं. लूप पूर्ण मापाचं लावलंत तर फिल्टर शेजारच्या मेमरीत हळद फासत सुटतो आणि प्रोग्रॅम कोसळतो.

पायरी पाचवी: घरच्यांची संमती. पॅच पाठवा, सोबत दस्तऐवज, बदलांच्या यादीत नोंद आणि चाचणी जोडा. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा आणि मेकफाइलबाहेर वापरलेला टॅब, दोन्ही नामंजूर. हे सोपस्कार टाळून फिल्टर आपल्याच संगणकावर ठेवता येतो, पण अंतर्गत रचना अधूनमधून बदलत असते आणि बाहेर राहिलेल्या फिल्टरला ते कुणी कळवत नाही. पुढच्या आवृत्तीत तो कंपाइल होईलच याची हमी नाही.

एवढं वाचून धीर सुटला असेल तर आवाजासाठी लॅडस्पा आणि चित्रासाठी फ्रेई०र (मधलं शून्यच आहे) ही प्लगइन्स बाहेरून आणता येतात. एफएफएमपेगमध्ये दोन्हींसाठी दार आहे. फक्त ते दार 'कॉन्फिगर' करतानाच बसवून घ्यावं लागतं, तेव्हा कृपया पायरी तिसरी पुन्हा वाचावी.