दत्तगुरूंची चार कुत्री आणि महापालिकेची बाग

फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, कुत्र्यांना आत आणू नये. मुंबईतल्या कित्येक बागांच्या फाटकावर ही पाटी असतेच. एखाद्या गुरुवारी प्रत्यक्ष दत्तगुरू पाय मोकळे करायला आले, तर वॉचमन त्यांना हात जोडून आत सोडेल. गायीचं साहेबांना विचारून बघतो म्हणेल. कुत्री मात्र चारही बाहेर.

मग कुत्र्यांनी जायचं कुठे? रस्त्यावर. दिवसभर टूबीएचकेत पंख्याखाली लोळलेला लॅब्राडॉर संध्याकाळी खाली उतरतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाच्या सत्तरीतल्या काकांना फिरवून आणतो. दोन रिक्षा हुंगून होतात, विजेच्या खांबाला एक प्रदक्षिणा होते, पट्टा काकांच्या पायात अडकतो. तेवढ्यात समोरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येतात. "काही करत नाही हो तो!" काका ओरडतात. हे वाक्य ऐकून आजवर कोणीही निर्धास्त झालेलं नाही. पुढचा कार्यक्रम फुटपाथवर उरकतो. कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते. आपण रद्दीचा कागद घेऊन धावतो, तोही कोणी बघत असेल तरच.

खरं तर कुत्र्यांसाठी भांडायची या शहराला जुनी सवय आहे. 1832 साली कंपनी सरकार भटकी कुत्री मारण्यासाठी कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस देत होतं. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरची, दारची असा भेद करीनात. 6 जूनला फोर्टातले पारशी खवळले, मागोमाग हिंदू, जैन, इस्माइलीही उतरले, बाजार बंद पडला. कुत्र्यांसाठी दंगल करणारं हे शहर आज त्यांना मोकळं धावायला कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा, म्हणजे डॉग पार्क, मागायला लाजतं.

"आधी खड्डे बुजवा, मग कुत्र्यांचे लाड करा," असं कोणीतरी म्हणणारच. जरूर बुजवावेत. पण या लाडांना लागतं काय? कुंपण, एकामागे एक दोन फाटकं (म्हणजे एक उघडलं तरी कोणी निसटत नाही), लहान आणि दांडग्या कुत्र्यांसाठी वेगळे भाग, नळ आणि रोज उचलली जाणारी कचरापेटी. हैदराबाद महापालिकेने कोंडापूरला कचरा पडायचा त्या जागेवर 2018 मध्ये असा सव्वा एकराचा पार्क केला. खर्च एक कोटीच्या थोडा वर. अमेरिकेत बर्कलेला 1979 मध्ये झालेला पार्क तर भुयारी रेल्वेसाठी मोकळ्या केलेल्या जमिनीवर आहे. खणाखणीत आपण कोणाला हार जाणार आहोत?

पैसेवाल्यांच्या हस्कीला तासावर पैसे घेणारे खासगी पार्क आहेतच. चाळीतल्या, कसलीही जात न सांगता येणाऱ्या मोत्याला ते कसे परवडावेत? म्हणून हा खर्च महापालिकेचाच. कुत्रा पाळणारा लायसनचे पैसे भरतो, आणि त्याबद्दल मिळतं काय, तर वर सांगितलेली पाटी. शिवाय खरा फायदा न पाळणाऱ्यांचाच: फुटपाथ स्वच्छ, भाजीची पिशवी शाबूत.

तेव्हा वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा झाला, तर पहिली सही तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची घ्या. श्वानप्रेमींच्या सह्या नंतर घेतल्या तरी चालतील.